देशमुखांची रायफल आणि माझं राहिलेलं उत्तर

अहो, तुम्ही गेल्यापासून घरात माणसांची रीघ लागली आहे. येणारा आधी जरा वेळ गप्प बसतो, शेजारणीनं आणलेल्या चहाला नको नको म्हणतो, मग घेतो, आणि उठता उठता दाराशी थांबून विचारतो, "त्या बंदुकीचं काय झालं मग, बाई?" तुमच्या जाण्याचं दुःख सगळ्यांनाच आहे, नाही असं नाही. पण बंदुकीचं कुतूहल त्याहून काकणभर जास्तच आहे. लातुरातली निम्मी बंद घड्याळं तुमच्या हातून चालू झाली, त्यांचं नाव कुणी काढत नाही. जी वस्तू कधी आपल्या उंबऱ्याच्या आत आलीच नाही, तिची विचारपूस चालली आहे. पहिल्यांदा मला राग आला, मग हसू आलं, आणि सुतकाच्या घरात हसू आलं म्हणून पुन्हा राग आला.

मी सगळ्यांना सांगते, "काही ठरलं नव्हतं." ते खरंच आहे. ठरवायचं माझ्याकडे होतं. तुम्ही विचारलं होतंत आणि मी म्हणाले होते, "दसरा होऊ द्या, मग सांगते." दसरा अजून यायचा आहे. तुम्हीच थांबला नाहीत.

जमीन अशी कडक झाली आहे की तुमच्यासाठी खड्डा खणायला माणसं पाळीपाळीनं लागली. दुष्काळात मरू नये म्हणतात ते उगाच नाही. आपल्या लिंगायत रीतीप्रमाणे तुम्हाला बसवून नेलं, कपाळभर विभूती, डाव्या तळव्यात लिंग. आपली लेक उमा नांदेडहून आली तेव्हा तुम्हाला तसं बसलेलं पाहून दारातच थबकली. नंतर मला म्हणाली, "अव्वा, अप्पा दुकानात बसलेत असंच वाटलं गं." मलाही तसंच वाटलं होतं. फक्त डोळ्याला भिंग नव्हतं, आणि मान खाली घालून "दोन मिनिटं हां" असं तुम्ही कुणाला म्हणत नव्हतात.

या नादाची सुरुवात तुमच्या सासुरवाडीपासूनच झाली, हे मी तुम्हाला कितीदा ऐकवलं असेल. माझ्या चुलतबहिणीचं लग्न नायगावच्या बाजूला होतं. जावई घड्याळवाला आहे म्हटल्यावर वऱ्हाडातल्या प्रत्येकाच्या मनगटावरचं घड्याळ अचानक आजारी पडलं. तुम्ही मांडवात बसून लोकांची झाकणं उघडत होतात आणि नवरदेवाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तेवढ्यात गावच्या देशमुखांकडून निरोप आला की भिंतीवरचं मोठं घड्याळ बंद आहे, जावईबापूंनी जरा बघावं. तुम्ही गेलात ते अक्षता पडून, पंगती उठून गेल्या तरी पत्ता नाही. परत आलात तेव्हा चेहरा असा, की माझा चुलतभाऊ घाबरून म्हणाला, "अप्पा, काय चावलं बिवलं का?"

घड्याळाच्या शेजारीच, दोन खुंट्यांवर, ती होती. घड्याळ दुरुस्त करायचं तुम्ही विसरूनच गेला होतात.

"गिरजे, लई गंमतीची चीज बघून आलो," तुम्ही एस्टीत बसल्या बसल्या सुरू केलंत. "बंदूक नव्हं ती. रायफल हाय, रायफल! नळीला आतून आटे असत्यात. गोळी फिरत जाती."

"फिरत जाऊ द्या नाहीतर नाचत जाऊ द्या," मी म्हणाले. "आपल्याला काय करायचंय?"

पण तुमचं कान देऊन ऐकणं कुठलं. अक्रोडाचा दस्ता, त्यावर हातांनी घासून घासून आलेली झिलई. लोखंडावर कोरलेली वेल, आणि वेलीत लपलेलं एक पाखरू, ते भिंगाखेरीज दिसत नाही. खाली एक तरफ, ती ओढली की मागचं तोंड उघडतं, सोडली की बंद होतं, आणि बंद होताना जो आवाज येतो तो असा की जुन्या चांगल्या घड्याळाचं झाकण मिटावं. निजामाच्या काळात देशमुखांच्या वडिलांनी ती हैदराबादेत कुणा विलायतेला परत जाणाऱ्या साहेबाकडून घेतली होती. लातूर येईपर्यंत तुम्ही तिच्यावर बोलत होतात, आणि त्या सगळ्या बोलण्यात तिनं काय करतात याचा एकदाही उल्लेख नव्हता. ते तुमच्या डोक्यातच नव्हतं. घरात विंचू निघाला तर चिमट्यात धरून त्याला गल्लीच्या टोकापर्यंत पोचवून येणारा माणूस तुम्ही. गळ्यात लिंग, ताटात कांदासुद्धा चालत नाही, आणि हौस कसली तर रायफलीची! मी तुम्हाला म्हणायची, "उपाशी बामणाला कत्तलखान्याचं स्वप्न." अशी काही म्हण नाही हे तुम्हाला ठाऊक होतं, पण तुम्ही दर वेळी हसायचात.

देशमुखकाकांची नजर अधू होत चालली होती आणि मुलगा नव्हता, तीन मुलीच. रायफल विकायची म्हणजे परवाना असलेल्यालाच विकायची. मागणारा घरातच होता. पुतण्या. त्याला शिकारीचा शौक. जीपवाले दोस्त घेऊन रानं पालथी घालायचा, सांगायला रानडुकरं आणि पिशवीत ससे. काकांना त्याच्या हातात द्यायला जीव होत नव्हता. तुमचा चेहरा बघून त्यांना वाटलं असणार की हा माणूस हिला जपेल. ते पैशाचं तर बोललेच नाहीत. म्हणाले, "लायसन काढा अप्पा, मग बोलू."

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मीही बरोबर होते. जुनी वस्तू घ्यायची तर आतून बघूनच घ्यायची, हा तुमचा धर्म. तुम्ही भिंग, स्क्रू ड्रायव्हर, वेताच्या काठीला गुंडाळलेलं पांढरं फडकं, असा सगळा सरंजाम घेऊन गेला होतात. रायफलीच्या दोन्ही भागांवरचे आकडे जुळतात का ते पाहिलंत. जुळले, तर लहान पोरासारखं माझ्याकडे वळून बघितलंत. दस्त्याला तडा नव्हता. तरफ हलत होती. मग तुम्ही तिचं मागचं तोंड उघडून नळी दाराच्या उजेडाकडे धरलीत आणि एक डोळा मिटून आत पाहिलंत.  काठीचं फडकं आत घातलंत, बाहेर काढलंत, तर ते गेरूत बुडवल्यासारखं.

"काका," तुम्ही म्हणालात, "आतून गंजानं पार खाल्लीय की हिला."

काकांना ते पटलं नाही. ते म्हणाले, "असं कसं? दर खंडेनवमीला हिला अभिषेक असतोय. आमच्या घरातून करतेत. दूध, दही, तूप, मध, साखर, ह्या तोंडातून ओतायचं अन् त्या तोंडातून काढायचं. रझाकार सरल्यापासून एक वरीस चुकलं न्हाई!"

स्वयंपाकघराच्या दाराशी देशमुखकाकू उभ्या होत्या, डोक्यावरून पदर, हातात आमच्यासाठी आणलेली पोह्यांची ताटली. त्यांनी ताटली पुढे केली. तुम्ही पोहे खाल्लेत, नमस्कार केलात, आणि एस्टीत बसलो तसे सुटलात. हसून हसून तुमचे डोळे पुसायला तुमचाच रुमाल पुरेना. "गिरजे, पंचामृतानं रायफल मारली! विलायती रायफल, आपल्या दह्यानं खाल्ली!" पुढे ती गोष्ट तुम्ही दुकानात येईल त्याला सांगितलीत. गोलाईच्या बाजारातल्या भुसार दुकानदारांपासून मी शिकवते त्या शाळेतल्या शिपायापर्यंत सगळे देशमुखकाकूंच्या भक्तीवर हसले. मीही हसले. भोळ्या बायकांच्या भोळेपणाला लोक हसतात तसंच.

वरून नवरी आणि आतून वाळवी, असल्या वस्तूचा नाद शहाण्या माणसानं तिथंच सोडला असता. मला वाटलं, सुटले एकदाची. पण तुमचं गणित उलटं निघालं. "वाजणारी असती तर घेतली नसती," तुम्ही म्हणालात. "आता ती नुसती बघायची चीज झाली. महादेवानंच तिचं तोंड बंद केलंय. असली रायफल मिळत न्हाई कुठं."

मग परवाना. तो अर्ज करायला तुम्ही एस्टीनं उस्मानाबादला गेलात, कारण तेव्हा आपण त्या जिल्ह्यात होतो. त्याचं काही होतंय तोवर आपलाच जिल्हा झाला. गोलाईला रोषणाई झाली, पेढे वाटले गेले, आणि तुम्ही घरी येऊन काय म्हणालात, तर "गिरजे, कलेक्टर आपल्या गल्लीच्या टोकाला आला. आता पायी जाऊन अर्ज देतो." जिल्हा झाल्याचा आनंद प्रत्येकाचा वेगळा होता, तुमचा हा होता. अर्ज नव्यानं केलात. चौकशीला जमादार घरी आले, तेव्हा तुम्ही दुकानात होतात. त्यांनी मला विचारलं, "बाई, अप्पाला कुणापासून भेव हाय का?" मी म्हणाले, "आहे की. माझ्यापासून." जमादार चहा सांडेपर्यंत हसले. म्हणाले, "त्याच्यावर लायसन मिळत न्हाई, बाई. मिळत असतं तर मी पयला काढलं असतं."

बाहेर असं हसूनखेळून चालायचं, आणि घरात आपण भांडायचो. दर दसऱ्याच्या आसपास हटकून. मी म्हणायची, घरात लिंगपूजा होते, तिथं हत्यार नको. तुम्ही म्हणायचात, खंडेनवमीला आपण सांडशी, कात्री, स्क्रू ड्रायव्हर पुजतोच की. मी म्हणायची, सांडशी कुणाच्या छातीवर रोखत नाहीत. तुम्ही म्हणायचात, "अन् महादेवाच्या हातात काय हाय? त्रिशूळ का पळी?" शाळेत पोरांना गप्प बसवणारी मी, तुमच्यापुढे मला उत्तर सुचायचं नाही. मग मी गप्प व्हायची. आणि माझं ते गप्प होणं तुम्हाला कळायचं. का ते कळत नव्हतं, पण कळायचं. तुम्ही लगेच विषय टाकून उठायचात, चूल पेटवायचात आणि चहा करायचात, साखर हमखास जास्त. कधी एकदाही रेटून विचारलं नाहीत. त्या जास्त गोड चहाबद्दल मी तुमची फार ऋणी आहे, आणि हे तुम्ही असताना कधी बोलले नाही.

या वर्षी मात्र तुम्हाला घाई झाली. श्रावण कोरडा गेला. देशमुखांच्या शेतातल्या तळ्यात तेवढं पाणी उरलं होतं आणि लांबलांबची हरणं तिथं उतरू लागली होती. पुतण्यानं काकांच्या मागे टुमणं लावलं, रायफल मला द्या, हैदराबादेत नळी बदलून मिळते, मी नवी बसवतो. तुम्ही हे ऐकून आलात त्या दिवशी जेवला नाहीत. मी टँकरपाशी घागरी लावून उभी होते, तिथं येऊन उभे राहिलात. बायका बघत होत्या, तरी.

"तान्हेली जनावरं पाण्याला येत्यात अन् हा तिथं टिपायला बसणार," तुम्ही म्हणालात. "माझं लायसन आज ना उद्या होईल. काका थांबाया तयार हायेत. पण तुझं काय ते कळू दे. तू हाव म्हण, न्हाईतर न्हाई म्हण. तू म्हणशील तसं. न्हाई म्हणलीस तर पुन्हा नाव काढणार न्हाई."

मी म्हणाले, "दसरा होऊ द्या. मग सांगते." तुम्ही मान हलवलीत आणि भरलेली घागर उचलून घराकडे चालू लागलात.

आता गेल्या सोमवारची गोष्ट सांगते. ही मात्र तुम्हाला ठाऊक नाही.

दुपारी दारात एक म्हातारी बाई उभी. धुळीनं माखलेली, हातात पिशवी, डोक्यावर पदर. देशमुखकाकू. नायगावहून नांदेडला, नांदेडहून इकडे, एस्टी बदलत एकट्या आल्या होत्या. मी पाणी दिलं. त्यांनी तांब्यातलं अर्धंच घेतलं, अर्धं परत दिलं. दुष्काळात आलेला पाहुणा असाच वागतो. बराच वेळ त्या तुमच्या फोटोकडे बघत बसल्या.

मग म्हणाल्या, "ह्यांनी अप्पाला शब्द दिला होता. पुतण्या उंबऱ्यात बसून हाय, म्हणतो अप्पा गेले, शब्द बी गेला. हे म्हणले, तसं न्हाई, बाईला विचारून ये. ती हाव म्हणली तर तिची, न्हाई म्हणली तर त्या पोराला देऊन टाकू. म्हणून आले. काय करायचं, बाई?"

अहो, मी उत्तर आधीच ठरवलेलं होतं. दसऱ्याची वाट बघायची मला काही गरज नव्हती. मी म्हणाले, "नको काकू. ती या घरात नको."

"लिंग हाय म्हणून?"

"नाही," मी म्हणाले. आणि मग जे तुम्हाला कधी सांगितलं नाही ते मी त्या बाईला सांगत सुटले.

उमरीजवळचं आमचं गाव. रझाकारांचे दिवस. मी सहा-सात वर्षांची असेन. गावातले सगळे पुरुष वेशीवर राखणीला गेले होते. भर दुपारी अप्पा घरी आले, म्हणजे माझे वडील, आणि त्यांच्या हातात कुणाची तरी आणलेली बंदूक होती. मी आणि धाकटी आतल्या खोलीत धान्याच्या कणगीच्या मागे सागरगोटे खेळत होतो. अप्पांनी आमच्या अव्वाला खाली बसवलं, बंदूक तिच्या मांडीवर आडवी ठेवली, कुठं दाबायचं ते दाखवलं आणि म्हणाले, "ते आत आलेच, तर आधी पोरी. मग तू." अव्वानं मान हलवली. किती पीठ दळायचं ते सांगितल्यावर हलवायची तशीच. अप्पा गेले. अव्वा तशीच बसून राहिली. नळीचं तोंड कुठं करायचं तिला कळत नव्हतं, ते आमच्याकडेच होतं. धाकटीला काही समजलं नाही, ती माझा हात ओढून म्हणत होती, अक्का, तुझा डाव आहे. मी डाव खेळले. सागरगोटे वर उडवत होते आणि त्या गोल काळ्या तोंडाकडे बघत होते. कुणी आलं नाही. दिवस कलला तसे अप्पा आले, बंदूक घेऊन गेले. अव्वा उठली आणि भाकरी थापायला बसली. पुढे जन्मभर त्या घरात या गोष्टीचा कुणी उच्चार केला नाही. अव्वा गेली, अप्पा गेले, मीही विचारलं नाही. फक्त बंदूक दिसली की मला ती कणगी दिसते.

काकू ऐकत होत्या. त्यांनी मला जवळ घेतलं नाही, डोळ्याला पदर लावला नाही. फक्त म्हणाल्या, "माझ्या बी मांडीवर होती."

मला आधी समजलं नाही.

"हीच की. अप्पाला पायजे होती ती. ह्यांनी बी तसंच सांगितलं होतं मला. आधी पोरी." आणि त्यांनी मांडीवरून हात फिरवला, तिथं काही सांडलं असावं तसा. "माझ्या तीन होत्या. कुणाला आधी म्हणून मी दिसभर इचार करून राहिले."

 बाहेर टँकरचा हॉर्न वाजला, बायका घागरी घेऊन धावल्या. मी उठले नाही.

"मग ते दिस सरले," काकू म्हणाल्या. "सरकारनं बंदूक जमा करून घेतली. मला लई बरं वाटलं. तर लायसन होऊन परत आली. पुन्हा खुंटीवर. माणसं तिच्याखाली बसून पान खायला लागली, पोरं तिच्याकडं बोट दावायला लागली. मी रोज तिच्याखालून ये-जा करायची. फेका म्हणलं तर कोण फेकतंय? देशमुखाची अब्रू ती. मग खंडेनवमी आली."

"अहो काकू," मी म्हणाले, "म्हणजे तो अभिषेक..."

"बाई, दही लोखंडाला काय करतंय ते कुठल्या बाईला ठाऊक न्हाई? एक रात कढईत दही राहिलं म्हणून माझ्या सासूनं मला आठ दिस बोलणी घातली होती." त्यांच्या तोंडावर आता हसू फुटत होतं. "दही मी आधीच लावून ठिवायची, चांगलं आंबट होऊ द्यायची. लिंबू बी पिळायची थोडं. वरनं पुसून लख्ख करायची अन् आत तसंच ऱ्हाऊ द्यायची. ह्यांना वाटतंय, मी लई भाविक हाय."

अहो, आम्ही हसलो. तुमच्या फोटोसमोर, तुम्हाला जाऊन पंधरवडा झाला नाही तर, दोन बायका पोट धरून हसलो. शेजारच्या सुमनबाई धावत आल्या, त्यांना वाटलं मी रडतेय. तसं ते रडणंही होतं. पण आधी हसणं होतं.

तुमच्यावर मला काय हसू आलं म्हणून सांगू! गावभर तुम्ही त्या बाईच्या भोळेपणाच्या गोष्टी सांगत फिरलात. भिंग लावून गंज पाहिलात, तो कुणी चढवला ते नाही पाहिलंत. आणि महादेवाला फुकटचं श्रेय दिलंत. तुम्ही असता तर हे ऐकून दुकान उघडं टाकून नायगावची एस्टी पकडली असतीत आणि काकूंच्या पायावर डोकं ठेवलं असतंत, हे मी पैजेवर सांगते. आणि परत येऊन हीच गोष्ट पुन्हा गावभर सांगितली असतीत, काकूंच्या बाजूनं, पदरची मीठमिरची लावून.

मग मी तुम्हाला अव्वाची गोष्ट का सांगितली नाही? काकू गेल्यापासून याच प्रश्नाशी बसले आहे. भीती नव्हती, लाजही नव्हती. सांगितली असती तर तुम्ही त्याच क्षणी रायफलीचा नाद सोडला असता, हे मला पक्कं ठाऊक होतं. पुन्हा तिचं नावही घेतलं नसतंत. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तुम्ही ती वेल आणि ते पाखरू काढत बसायचात, ते बंद झालं असतं. तिच्याबद्दल बोलताना तुमचा आवाज बदलायचा, तो मला पुन्हा ऐकायला मिळाला नसता. मला ती रायफल नको होती, पण तिच्यामागे लागलेला नवरा मला फार आवडायचा. त्यामुळे मी ना हो म्हटलं, ना कारण सांगितलं. तुम्हाला तेवढी वर्षं ती मनात तरी बाळगता आली. याचं मला वाईट वाटत नाही. वाईट एवढंच वाटतं, की तुम्ही चहा करायला उठायचात तेव्हा तुम्हाला वाटत असेल, ही लिंगासाठी रुसली. माझ्या लहानपणीच्या कोणत्या दुपारवर तुम्ही ती जास्तीची साखर घालत होतात, ते तुम्हाला कळायला हवं होतं.

काकूंनी जाताना पुन्हा विचारलं, "मग, बाई? पोराला द्यायची?"

एवढी वर्षं मी तिच्याकडे बंदूक म्हणून बघत होते. आता ती मला एका बाईनं खंडेनवमीमागून खंडेनवमी, देवाच्या आणि नवऱ्याच्या डोळ्यांदेखत केलेलं काम म्हणून दिसत होती. ते पुतण्याच्या हाती जाऊन, नवी नळी बसवून, एका झटक्यात पुसलं जाणार होतं. माझ्या अव्वाला दह्याची युक्ती सुचली नाही, कारण तिची बंदूक संध्याकाळीच परत गेली. तिला आपली भीती तशीच जन्मभर सांभाळावी लागली.

"नाही," मी म्हणाले. "पोराला द्यायची नाही. मी घेते."

अर्ज माझ्या नावानं करावा लागेल. शाळेतली बाई रायफलीचं लायसन मागायला आली म्हणून कचेरी आठवडाभर हसेल, हसू दे. वेळ लागेल, तर काकू म्हणाल्या, "लागू दे. तवर मी हाय. खंडेनवमी बी जवळ आलीय." आणि पदर नीट करून एस्टी गाठायला निघाल्या. मी त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडायला गेले. परत आले तर घर रिकामं होतं, आणि मी उंबऱ्यातूनच तुम्हाला हाक मारली. सांगायला. सवयीनं.

हाव म्हणाले हो मी. एवढी वर्षं तुम्ही त्या एका शब्दाची वाट पाहिलीत, आणि निघाला तेव्हा तो तुमच्या फोटोसमोर निघाला. तुम्ही उलटून काहीच म्हणाला नाहीत. मीच उठले, चहा टाकला, आणि साखर जास्त घातली तरी तो मला अगोडच लागला.